पोलिसांचं पत्र आलं तर: कोकणातल्या नव्या नेटवाल्यांसाठी

मला पहिलं पत्र आलंच नाही, फोन आला. धंद्याचं दुसरं वर्ष, आषाढातला पाऊस, वेळणेश्वरकडची लाइन दोन दिवस बंद, आणि मी खांबाखाली छत्री धरून पोराचं स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या फायबरची जोडणी, कधी संपतंय याची वाट बघत उभा. पलीकडून आवाज आला, "ठाण्यातून बोलतोय. एक आयपी सांगतो, लिहून घ्या. कुणाचा आहे ते लगेच कळवा." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता. घरी येऊन बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, शोधात जे नाव वर आलं ते पत्ता आणि मोबाइल नंबरासकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं आणि जेवायला बसलो. पोलिसांना मदत केली म्हणून जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुपारभर ठाण्यात बसून होते. मुंबईची नोकरी संपवून गावच्या घरात राहायला आलेला साधा माणूस. गुन्हा ऑनलाइन फसवणुकीचा होता आणि त्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्या आयपीमागे त्या वेळी माझी साठेक घरं होती आणि मी त्यातलं एक नाव उचलून दिलं होतं. संध्याकाळी ते माझ्या पडवीत येऊन बसले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझं नाव तू दिलंस ना? कुठल्या कागदावरून दिलंस तो दाखव." कागद नव्हताच.

दापोली-गुहागरपासून खाली देवगड-मालवणपर्यंत केबलच्या धंद्यातून फायबरकडे वळलेली बरीच तरुण मुलं आता मला फोन करून विचारतात, की पोलिसांनी गिऱ्हाइकाची माहिती मागितली तर काय करायचं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारा एक वकील आधीच गाठून ठेवा. त्याची फी तुमच्या एका स्प्लायसिंग मशीनच्या बॅटरीपेक्षा जास्त होत नाही.

आधी लायसन्स कुणाचं ते बघा

इंटरनेट सेवेची लायसन्स अ, ब, क अशा तीन वर्गांत दिली गेली आहेत. अ म्हणजे देशभर, ब म्हणजे एखादं दूरसंचार मंडळ किंवा महानगर, आणि क म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढा भाग. आपल्यातल्या बहुतेकांकडे यातलं काहीच नाही. आपण मोठ्या कंपनीचे फ्रँचायझी. लायसन्स तिचं, वायर आपली, शिव्याही आपल्याच.

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सरकारी मागणीला उत्तर द्यायची जबाबदारी मुळात लायसन्सवाल्याची. अशा कामासाठी त्याला नोडल अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या करारात त्याचं नाव, ईमेल आणि रात्री-अपरात्री लागणारा नंबर आहे का ते आजच बघा. नसेल तर कंपनीकडून लेखी मागून घ्या. आणि "पोलिसांची मागणी थेट फ्रँचायझीकडे आली तर ती नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी, फ्रँचायझीने परस्पर माहिती देऊ नये" असं एक कलम करारात घालून घ्या. कंपनीचा सेल्सवाला म्हणेल, याची काय गरज, आपलं सगळं तोंडी चालतं. तोंडी चालतं तिथेच घात होतो.

स्वतःचं क वर्गाचं लायसन्स असेल, तर नोडल अधिकारी तुम्हीच किंवा तुम्ही नेमलेला माणूस. मग पुढचं सगळं दोनदा वाचा.

कपाटात आणि मोबाइलमध्ये काय साठलंय?

पत्र यायच्या आधी करायचं काम हेच, आणि सगळे टाळतात तेही हेच. एक रविवार काढा आणि गिऱ्हाइकाबद्दल आपल्याकडे काय काय आहे याची यादी करा. माझी यादी केली तेव्हा मलाच घाम फुटला. आधार कार्डांच्या झेरॉक्स जुन्या मोडेमच्या खोक्यात. लाइनमनच्या मोबाइलमध्ये चारशे लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो, शेजारी त्याच्या भाचीच्या बारशाचे. "नवीन कनेक्शन" नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांचे पत्ते आणि वायफायचे पासवर्ड, आणि त्या ग्रुपमध्ये काम सोडून गेलेली तीन मुलं अजून होती.

काही गोष्टी ठेवाव्याच लागतात. गिऱ्हाईक कधी जोडला गेला, कधी तुटला, त्याला कुठला आयपी मिळाला, या नोंदी लायसन्सच्या अटीनुसार किमान दोन वर्षं जपायच्या. ही मुदत आधी एक वर्षाची होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली. त्याशिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे आपल्या यंत्रणेचे लॉग, म्हणजे आपोआप पडणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आणि हॅकिंगसारखी घटना घडली तर सहा तासांत कळवायची. तुम्हाला नेमकं काय लागू आहे याची यादी कंपनीकडून लेखी घ्या.

त्या यादीबाहेरचं जे असेल ते ठेवू नका. जे तुमच्याकडे नाही ते कुणी मागू शकत नाही, चोरू शकत नाही आणि तुमच्याकडून चुकून जाऊही शकत नाही. हल्लीच्या राउटरना लांबून हाताळायची सोय असते. ऑफिसात बसून गिऱ्हाइकाच्या घरात कुठले मोबाइल जोडलेत, त्यांची नावं काय, कितीला आले, कितीला गेले, हे सगळं दिसतं. तक्रार सोडवताना त्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण एखाद्या घरात रात्री अकराला कुणाचा फोन जोडला गेला हे लाइनमनला दिसायचं काय कारण? आमच्याकडे ते पान फक्त माझ्या लॉगिनला उघडतं, आणि त्याची जुनी नोंद साठवायची सोय मी बंद केली आहे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता दाराशी आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि व्यावसायिकांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मोडेमच्या खोक्यातल्या झेरॉक्सवर कुणी २५० कोटी लावणार नाही हे मलाही कळतं, तरी ते खोकं मी जाळलं.

पत्र कुठल्या जातीचं आहे?

कागद हातात आला की आधी त्यावरचं कलम शोधा. मागण्या तीन-चार प्रकारच्याच असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा.

सगळ्यात जास्त येतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचं पत्र. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ९१ करत होतं. जुन्या मसुद्यावर आलेल्या पत्रात तेच कलम दिसलं तर पत्र खोटंच आहे असं समजू नका, पण विचारून घ्या. तपासासाठी लागणारा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद हजर करा, असा लेखी आदेश ठाण्याचा प्रभारी अधिकारी या कलमाखाली काढू शकतो. कोर्ट समन्स काढू शकतं. आदेश कागदावर असेल किंवा इलेक्ट्रॉनिक असेल, पण लेखी हवा. फोनवरचं बोलणं म्हणजे आदेश नव्हे. मोबाइल कॉलच्या तपशिलांसाठी, म्हणजे सीडीआरसाठी, एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच मागणी यावी असा दंडक २०१३ पासून आहे.

दुसरा प्रकार जड. गिऱ्हाइकाचं बोलणं किंवा येणारा-जाणारा डेटाच ऐकायचा, वाचायचा, वळवून घ्यायचा. याला कलम ९४ पुरत नाही. त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आदेश लागतो. इंटरनेटच्या बाबतीत तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली आणि २००९ च्या नियमांप्रमाणे निघतो, तर दूरसंचाराच्या बाबतीत दूरसंचार कायदा २०२३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे. घाईच्या प्रसंगी खालचा अधिकारीही तो काढू शकतो, मात्र राज्यात आयजीपेक्षा, म्हणजे पोलीस महानिरीक्षकापेक्षा, खालच्या दर्जाचा नाही. तो आदेश सात कामाच्या दिवसांत वरून पक्का झाला नाही तर बाद होतो. एक आदेश साठ दिवस चालतो, आणि कितीही वाढवला तरी १८० दिवसांपुढे जात नाही.

तेव्हा एखाद्या दिवशी कुणी लॅपटॉप घेऊन तुमच्या ओएलटीच्या, म्हणजे सगळ्या घरांच्या फायबर जिथे येऊन मिळतात त्या यंत्राच्या, खोलीत शिरला आणि म्हणाला, "जरा एक पोर्ट मोकळा करून दे, दोन दिवस बघायचंय," तर पंखा लावा, चहा सांगा आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला फोन लावा. असा आदेश फ्रँचायझीच्या दारात यायचाच नसतो.

हा आदेश खरा असेल तर मात्र नाही म्हणण्यात शौर्य नाही. कलम ६९ खाली मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर या सगळ्या साखळीत कुठेतरी एक न्यायाधीश हवा होता. आदेश काढणारा सचिव, तो तपासणारी समिती सचिवांची, राज्यात तिच्या वर मुख्य सचिव. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पडताळणीची चौकट घालून दिली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवं आणि गरजेपुरतंच घ्यायला हवं, असं त्या निकालाचं सार. चौकट तशीच राहिली. पण त्या निकालातलं तिसरं वाक्य, गरजेपुरतंच, आपल्यासारख्या छोट्या माणसाच्या रोजच्या उपयोगाचं आहे. ते पुढे येतंच.

उरलेल्या दोन जाती, कोर्टाचा थेट आदेश आणि दूरसंचार खात्याची विचारणा. दोन्ही कंपनीकडे पाठवा. साइट बंद करायचे आदेश हा वेगळाच विषय आहे, इथे नको.

खरं की बनावट?

२०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर विकणारी खासगी गुप्तहेरांची टोळी पकडली. नवऱ्यावर संशय, भागीदारावर संशय, द्या पैसे आणि घ्या कॉलची यादी, असा धंदा. म्हणजे ही माहिती विकत घेणारं गिऱ्हाईक बाजारात आहे, आणि ती काढायची सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे तुमच्यासारखा घाबरलेला नवा माणूस.

मी पत्रात आधी जावक क्रमांक आणि तारीख बघतो. मग गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, शिक्का. ईमेल असेल तर पत्ता सरकारी आहे का ते बघतो. महाराष्ट्र पोलिसांचा ईमेल महापोलीस डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो, जीमेलवरून आलेली मागणी मी मागणी धरतच नाही. आणि पत्रात छापलेल्या नंबरावर फोन करत नाही. ठाण्याचा नंबर जिल्हा पोलिसांच्या वेबसाइटवरून शोधतो, ठाणे अंमलदाराला जावक क्रमांक वाचून दाखवतो आणि एवढंच विचारतो, "हे पत्र आपल्याकडून निघालंय का?" दहा मिनिटांचं काम. आजवर एकाही खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग आलेला मी पाहिला नाही. राग येतो तो दुसऱ्यांना.

आयपी, पोर्ट आणि घड्याळ

माझी पहिली चूक इथे झाली होती, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. ते कधीच संपले. त्यामुळे आपण एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटून देतो, वाडीतल्या एका विहिरीवर सगळ्यांनी कळशी लावावी तसं. एका आयपीला ६५,५३६ पोर्ट असतात. हे पोर्ट म्हणजे यंत्रावरची भोकं नव्हेत, आयपीच्या पुढे लागणारे क्रमांक. त्यांचे १०२४-१०२४ चे गठ्ठे पाडले आणि पहिला राखीव सोडला तर त्रेसष्ट घरं एका आयपीवर बसतात. आता पोलिसांनी नुसता आयपी दिला तर त्यांनी विहीर सांगितली. कळशी कुणाची, ते पोर्टवरून कळतं.

म्हणून दोन गोष्टी सेटिंगमध्ये आजच करा. प्रत्येक घराला पोर्टचा ठरलेला गठ्ठा द्या आणि फक्त गठ्ठा कुणाला कधी दिला याची नोंद ठेवा. यात गिऱ्हाईक कुठल्या साइटवर गेला हे लिहावं लागत नाही, लॉगचा आकार एकदम कमी होतो आणि नाव काढायची वेळ आली तर ते अचूक निघतं. पाठ थोपटून घ्यावी असं या धंद्यात फार काही नसतं, पण या सेटिंगबद्दल मी घेतो.

दुसरं, घड्याळ. आपल्याकडे पावसात दिवसातून दहा वेळा लाइट जाते. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, लाइट आली की तो थेट १ जानेवारी १९७० ला उठतो. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत पडलेल्या नोंदी मग कुठल्याच जगातल्या नसतात. सर्व्हरची वेळ सरकारी वेळेशी जुळलेली ठेवा. सर्ट-इनच्या निर्देशांतही ते आहेच.

आणि परदेशी कंपन्यांकडून पोलिसांना मिळालेल्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. १४ तारखेचे रात्रीचे ९.४० यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची पहाट, ३ वाजून १० मिनिटं. तेवढ्या वेळात तोच पोर्ट दुसऱ्याच घरात गेलेला असू शकतो.

चुकीचं नाव दिल्याने काय होतं याचं उदाहरण लांबचं नाही. २००७ मध्ये शिवाजी महाराजांबद्दलच्या ऑर्कुटवरच्या बदनामीकारक मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला पकडून आणलं. तो पन्नास दिवस येरवड्यात होता. नंतर निघालं, की आयपीवरून काढलेला पत्ताच चुकीच्या माणसाचा. तिथे माझं एक दुपारभराचं प्रकरण काहीच नाही, पण जात तीच.

म्हणून पोर्ट किंवा वेळ नसलेलं पत्र आलं की मी नाव देत नाही, हे उत्तर देतो. हवं तर जसंच्या तसं उचला:

"आपले दि. … चे जावक क्र. … चे पत्र मिळाले. नमूद केलेल्या आयपी पत्त्यावर एकाच वेळी अनेक ग्राहक असतात, त्यामुळे केवळ आयपीवरून ग्राहक निश्चित करता येत नाही. कृपया सोर्स पोर्ट क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ, व ती वेळ भारतीय प्रमाणवेळ आहे की यूटीसी, हे कळवावे. दरम्यान सदर कालावधीच्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत याची व्यवस्था केली आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने तपासाला धक्का लागत नाही आणि तुम्ही टाळाटाळ करताय असंही कुणी म्हणू शकत नाही.

मागितलं तेवढंच

दुसरी अडचण फार मोठ्या मागणीची. एकदा एका मुलाने मला एक पत्र दाखवलं: अमुक बंदरावरच्या गावातल्या सर्व ग्राहकांची नावं, आधार, मोबाइल, सहा महिन्यांच्या नोंदी. गुन्हा एका मोटरसायकलच्या चोरीचा. इथे ते "गरजेपुरतंच" कामाला येतं. पत्राला नकार द्यायचा नाही, फोडून विचारायचं: या गुन्ह्याशी संबंधित ग्राहक कोण, कुठल्या तारखा, नेमकी कुठली माहिती. नम्रपणे, लेखी, कंपनीला प्रत देऊन. त्या मुलाला परत आलेल्या पत्रात दोन आयपी आणि एक रात्र होती.

किनाऱ्यावरचा दबाव मी समजू शकतो. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, स्फोटकं उतरली ती आपल्याच समुद्रातून. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा दोन-तीन दिवस सगळ्या कोकणाला झोप नव्हती. अशा वेळी पोलीस याद्या मागतात, आणि त्यांचंही चुकत नाही. घाई खरी असेल तर ठाण्याच्या ईमेलवरून दोन ओळींचं पत्र यायला पाच मिनिटं लागतात. समुद्रात माणूस हरवलाय, कुणाच्या जिवाला धोका आहे, अशा वेळी मी रात्री दोनलाही उठून बसतो आणि पत्र येईपर्यंत माहिती काढून तयार ठेवतो. तयार ठेवणं वेगळं, पाठवणं वेगळं.

होमस्टेवाल्यांनाही एक सांगतो, कारण ते आपलं गिऱ्हाईक. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवायची असते, तो वेगळा विषय. वायफायचा विषय वेगळा. सगळ्या पाहुण्यांना एकच पासवर्ड भिंतीवर लिहून दिला तर उद्या पत्रात नाव येईल ते घरमालकाचंच. खोलीगणिक वेगळं कूपन द्यायची सोय त्यांना करून द्या, फुकट द्या.

माहिती हातात देताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. फोनवर वाचून नाही. कागदावर बंद लिफाफ्यात, किंवा पासवर्ड लावलेली फाइल सरकारी ईमेलवर, पासवर्ड वेगळा कळवून. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायची, सही-शिक्क्यासकट.

सोबत प्रमाणपत्र लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते दोन भागांत असतं. एक भाग नोंद देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, एसएचए-२५६ वगैरे पद्धतीचा. फाइलमधलं एक स्वल्पविराम बदललं तरी हॅश बदलतो, म्हणून आधी फाइल पक्की करा, मग हॅश काढा. प्रमाणपत्र म्हणजे कारकुनी वाटते, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य असल्याचं पुन्हा ठणकावलं, आणि तो खटला आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतला होता. प्रमाणपत्र नसेल तर तुमच्या नोंदीला कोर्टात किंमत नाही, म्हणजे एका माणसाचा खासगीपणा गेला आणि हाती काहीच आलं नाही.

गिऱ्हाइकाला सांगायचं का?

डेटा ऐकण्या-वाचण्याचा आदेश असेल तर नाही. तिथे गुप्तता कायद्यानेच लादलेली आहे. कलम ९४ मध्ये तशी मनाई लिहिलेली नाही, पण पत्रात "गोपनीय" लिहिलेलं असतं, आणि तपास उधळला तर अंगाशी येईल तुमच्याच. वकिलाला विचारल्याशिवाय सांगू नका. मी एवढं करतो की कनेक्शन देतानाच फॉर्मवर मराठीत छापतो: कुठल्या नोंदी किती काळ ठेवतो, आणि लेखी कायदेशीर आदेश आल्याशिवाय त्या कुणालाही देत नाही. लोक वाचत नाहीत. पडवीतले ते गृहस्थ वाचतात.

खरी परीक्षा चहाच्या टपरीवर

गृहसचिवांचा आदेश बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही येणार नाही. येतो तो आपलाच माणूस. ठाण्यातला हवालदार म्हणजे आतेभावाचा मेव्हणा. "अरे, मी काय परका आहे का? नाव सांग फक्त, पत्र उद्या पाठवतो." ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पुढारी विचारतो, आपल्या विरोधातला तो निनावी व्हिडिओ कुठल्या घरातून चढला. एकदा दुकानात एक सासरे येऊन बसले. इकडचं-तिकडचं बोलून झालं, पाऊस झाला, आंबा झाला, हायवेच्या कामात जेसीबीने तोडलेली फायबर झाली. मग आवाज खाली करून म्हणाले, "आमच्या सुनेचा मोबाइल रात्री कितीपर्यंत चालू असतो, तेवढं तुझ्या यंत्रात दिसत असेल ना?"

दिसत नाही, म्हणालो. खरं तर दिसत होतं, तेव्हा जुनी नोंद साठवायची सोय चालूच होती. पण त्या दिवशी रात्रीच मी ती बंद केली.

अशा वेळी कायदा पाठ असून उपयोग नसतो, वाक्य तयार असावं लागतं. माझं हे: "काका, माझ्या हातात नाही, कंपनीला लेखी लागतं." यात कुणाचा अपमान होत नाही आणि बोलणं संपतं. गिऱ्हाइकाची माहिती जाणूनबुजून, त्याचं नुकसान होईल हे कळत असताना बाहेर दिली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे मी फक्त लाइनमनना सांगतो. कामावर घेतल्याच्या पहिल्या दिवशी, खांबावर चढवण्याआधी. कारण घराघरांत जातात ते तेच, आणि टपरीवर बसतात तेही तेच.

शेवटचं, रजिस्टर घ्या. साधं शंभर पानी, उभे रकाने आखून: तारीख, कुणी मागितलं, तोंडी की लेखी, जावक क्रमांक, काय मागितलं, काय दिलं, पोच. ते कपाटात कुलपात ठेवा. लाइनमनला उघडता येऊ नये. तोंडी मागणीचीही ओळ लिहायची, फोन ठेवल्या ठेवल्या. माझ्या रजिस्टरात सात वर्षांत एकवीस ओळी झाल्या आहेत. त्यांतल्या नऊ ओळींत शेवटच्या रकान्यात एकच शेरा आहे: "पत्र मागितलं. पुन्हा फोन आला नाही."